‘इतर’च्या रकान्यात



सरांचं नाव माझ्या पाठीमागच्या फलकावर लिहिलेलं आहे. मी मात्र त्यांना ‘सर’च म्हणणार. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत ते आम्हाला आठवीला इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांचं नाव उच्चारण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

एका दिवसाची गोष्ट सांगतो. धड्यात एका खोलीचं वर्णन होतं आणि त्यात ‘ऑड्स अँड एंड्स’ असा शब्दप्रयोग आला. सरांनी विचारलं, ‘‘याला मराठीत काय म्हणाल?’’ पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं गाइडमधलं उत्तर दिलं, ‘‘संकीर्ण वस्तू.’’ सर म्हणाले, ‘‘दिवाळीच्या आधी तुझी आई तुला काय सांगते? बाळा, तेवढ्या संकीर्ण वस्तू माळ्यावर टाक?’’ वर्ग हसला आणि मग शब्दांची रीघ लागली. सटरफटर. किडूकमिडूक. चिल्लर. कबाड. अडगळ. एकानं अस्सल आपल्याकडचा ‘अटाला’ काढला. सर एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेले. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा, वर्षभर फारसा बोललाच नव्हता. तोही काहीतरी म्हणाला. तो शब्द आम्हा कोणालाच कळला नाही, म्हणून आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला तो शब्द दोनदा म्हणायला लावला, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. गणिताच्या सरांनी वर्गात आल्या आल्या फळा पुसला.

आज मला त्या फळ्याबद्दल बोलायचं आहे.

आधी इंग्रजीचं पाहू. ‘ऑड्स अँड एंड्स’चा उगम अभ्यासक कापडाच्या दुकानापर्यंत नेतात. सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘ऑड एंड्स’ असा प्रयोग होता. ताग्यातून मापानं कापड फाडून झालं, की शेवटी जो तुकडा उरायचा त्याला हे नाव. पुढे अठराव्या शतकात त्याचं ‘ऑड्स अँड एंड्स’ झालं आणि ते कापड सोडून कुठल्याही उरल्यासुरल्या वस्तूला लागू झालं. यातला ‘ऑड’ जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. तिथे त्याचा अर्थ टोक, त्रिकोणाचा कोन, आणि त्यावरून तिसरा. दोघांची जोडी जमल्यावर जो एकटा राहतो तो तिसरा. विषम संख्येला इंग्रज ‘ऑड’ म्हणतात ते यामुळेच.

ताग्याचं टोक म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापड गिरणी या शहरात सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. या शहरातल्या कित्येक घरांच्या चुली त्या मिलच्या भोंग्यावर पेटायच्या. अशा घरांत कटपीसचा जन्म ठरलेला असे. मोठा तुकडा असला तर झबलं, त्याहून लहान असला तर उशीचा अभ्रा, त्याहून लहान तर पिशवी, आणि कशातच बसला नाही तर चिंधी. चिंधीचीही अखेर नव्हती, कारण तिच्यापुढे गोधडी होती. मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तिथे ताग्याचं टोक कोणाच्या नजरेस पडत नाही.

आता आपल्या फळ्याकडे या. ‘किडूक’ हा शब्द एकटा फिरताना तुम्ही कधी पाहिला आहे? किंवा ‘मिडूक’? ‘सटर’ला एकट्यानं बाहेर पडता येत नाही, ‘फटर’ तर त्याच्या बोटाला धरूनच चालतं. बारीकसारीक, तुटकंफुटकं, उरलंसुरलं, मोडकंतोडकं, जुनंपानं, सामानसुमान. यातल्या काही जोड्यांत दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे, काहींत तो निव्वळ आवाज आहे. इंग्रजीनं ज्या वस्तूला बिनजोडीची म्हणून बाजूला काढलं, तिला मराठीनं उभ्या उभ्या एक जोडीदार देऊन टाकला. जोडीदाराला अर्थ नसला तरी चालेल, सोबत असली म्हणजे झालं. पाहुण्याला आपण विचारतो, ‘‘चहाबिहा घेणार का?’’ त्या ‘बिहा’त काय काय येतं याची यादी कोणी केलेली नाही. नागपुरात त्यात तर्री-पोहेसुद्धा येऊ शकतात, आणि आले नाहीत तर पाहुणा मनातल्या मनात हिरमुसतो.

पण हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत असं समजू नका. ‘‘अंगावरचं किडूकमिडूक मोडून माऊलीनं पोराला शिकवलं,’’ असं वाक्य आपण ऐकलेलं आहे. त्यात किडूकमिडूकच्या जागी सटरफटर घालून पाहा. ‘‘अंगावरचं सटरफटर मोडून...’’ जीभच वळत नाही. किडूकमिडूक छोटं असतं, पण कोणीतरी जपलेलं असतं. सटरफटर कोणी जपत नाही. अडगळ वाट अडवते, तिच्या नावातच ती अडवणूक आहे. अटाला ढिगानं पडलेला असतो, एका वस्तूला कोणी अटाला म्हणत नाही. कबाड घराच्या बाहेर निघालेलं असतं, फक्त हातगाडी यायची बाकी असते. आणि चिल्लर खिशात वाजते. माणसाला चिल्लर म्हटलं तर तोही वाजतो.

हे शब्द आले कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. चिल्लर दक्षिणेकडून आली. कन्नड, तेलुगू, तमिळ सगळ्यांच्या गल्ल्यात ती आहे. खुर्दा फारसीतला. ‘वगैरे’ अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ ‘आणि त्याच्यावाचून दुसरं’. ‘इत्यादी’ संस्कृतातला, त्याचा अर्थ ‘हे ज्याच्या आरंभी आहे ते’. एक शब्द पहिल्याकडे बोट दाखवतो, दुसरा उरलेल्यांकडे, आणि आपण दोन्ही एकाच अर्थानं वापरतो. किरकोळ वस्तूंसाठीचा मराठीचा हा संग्रहसुद्धा असा दहा दुकानांतून किरकोळीनंच जमलेला आहे.

‘किरकोळ’ हा या कुटुंबातला सगळ्यात बिलंदर शब्द. इतवारीत घाऊक व्यापारी आणि किरकोळ व्यापारी शेजारी शेजारी बसतात, तिथे त्याचा अर्थ साधा आहे : थोडं थोडं, सुटं. पण वर्तमानपत्रात या. ‘बस उलटली, बारा किरकोळ जखमी.’ त्या बाराजणांना विचारावं, किती किरकोळ होतं ते. ‘किरकोळ कारणावरून खून’ हा मथळा तर महिन्यातून एकदा दिसतोच. ज्या कारणानं माणूस मेला ते किरकोळ कसं? मथळा लिहिणाऱ्याला ते कारण कळलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि घरची हिशेबाची वही! दूध, किराणा, भाजी, वीज, आणि शेवटी ‘किरकोळ’. त्या एका ओळीत खर्रा असतो, भिशीची हुकलेली रक्कम असते, बहिणीच्या हातात गुपचूप ठेवलेली नोट असते. मला कोणाच्या घराचा खरा इतिहास लिहायला सांगितला, तर मी दूध-किराण्याच्या ओळी सोडून देईन आणि ही ओळ उघडून बसेन.

इथे माझं पहिलं म्हणणं मांडतो. एखादी वस्तू जन्मतः किरकोळ नसते. कोणीतरी वर्गवारी करायला बसतो, त्याच्याकडे चार डबे असतात, पाचव्या वस्तूसाठी डबा नसतो. मग तो पाचवा डबा काढतो आणि त्यावर ‘इतर’ असं लिहितो. त्या चिठ्ठीवरून आतल्या वस्तूंबद्दल काहीच कळत नाही, वर्गवारी करणाऱ्याचे डबे कुठे संपले तेवढं कळतं.

सरकारी कचेरीत या डब्याला ‘संकीर्ण’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, संगीतातही आहे. अनेक रागांचं मिश्रण ज्यात होतं त्याला संकीर्ण राग म्हणतात आणि तो आळवायला तयारी लागते. कचेरीत मात्र कोणत्याच विषयाच्या फायलीत न बसणारा अर्ज संकीर्णात जातो, आणि तिथून तो परत आला तर अर्जदारानं पेढे वाटावेत.

आपल्या विदर्भाच्या नशिबी एक गंमतही आली. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमाखाली १९९४ मध्ये महाराष्ट्रात तीन वैधानिक विकास मंडळं झाली. एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं, आणि तिसरं? तिसऱ्याचं नाव ‘उर्वरित महाराष्ट्र’. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळा कोकण, हे सगळं ‘उर्वरित’! सत्ता, साखर आणि समुद्र ज्यांच्याकडे, ते कागदोपत्री उरलेसुरले ठरले. (हशा.) आपल्याला हसू येतं, कारण ज्याच्या हाती सगळं आहे त्याला ‘उर्वरित’ म्हटल्यानं त्याचं काही बिघडत नाही. ज्याच्या हाती काही नाही त्याला ‘इतर’ म्हटलं की काय होतं, ते आता पाहू.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली, ती १९,५६९ होती. छाननी करून, एकाच भाषेची वेगवेगळी नावं एकत्र करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या. आणखी १,४७४ नावं कुठेच बसेनात. ती ‘इतर’मध्ये गेली. मग या मातृभाषांचे गट करून भाषा ठरवल्या. ज्यांचे बोलणारे दहा हजारांहून कमी, त्यांना स्वतंत्र ओळ मिळत नाही. शेवटी यादी उरली १२१ भाषांची. घटनेच्या आठव्या अनुसूचीत त्यांतल्या २२. ही शहाणपणाची कसरत आहे, मला कळतं. एकोणीस हजार रकान्यांचा तक्ता कोण वाचणार? पण त्या १,४७४ नावांपैकी प्रत्येक नाव कोणीतरी, दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला, स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे.

आणि जी भाषा मोजली गेली तिचं तरी काय? गोंडी बोलणारे त्याच जनगणनेत सुमारे ३० लाख होते. संस्कृत मातृभाषा सांगणारे सुमारे २५ हजार. संस्कृत अनुसूचीत आहे, गोंडी नाही. संस्कृतशी माझं भांडण नाही, आत्ता दोन मिनिटांत मी तिच्याच दारात जाणार आहे. पण १७०२ मध्ये ज्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, हे नागपूर वसवलं, त्याच्या लोकांची भाषा देशाच्या यादीत अजून दाराबाहेर उभी आहे, हे आपण नागपूरकरांनी तरी लक्षात ठेवावं. तीच गोष्ट ‘इतर मागासवर्ग’ या नावाची. मंडल आयोगानं १९८० च्या अहवालात या वर्गाची लोकसंख्या ५२ टक्के धरली. निम्म्याहून जास्त समाज, आणि त्याच्या नावाचा पहिला शब्द ‘इतर’!

आता संस्कृतच्या दारात. पाणिनी हा वर्गवारीचा बादशहा. क्रियेशी नामाचा संबंध कसा येतो, त्याचे त्यानं प्रकार लावले : करणारा, ज्यावर क्रिया घडते तो, साधन, ज्याला द्यायचं तो, जिथून दूर व्हायचं ते, आणि आधार. एकेकाला विभक्ती दिली. सगळं झाल्यावरही काही संबंध उरले, त्यांना त्यानं ‘शेष’ म्हटलं आणि त्यांच्यासाठी षष्ठी ठेवली. आपल्या मराठीत षष्ठी म्हणजे चा, ची, चे. म्हणजे ‘आईची गोधडी’, ‘नागपूरची संत्री’, ‘माझ्या गावचा माणूस’, हे सगळं शेषात. ज्या प्रत्ययांशिवाय आपल्याला एक दिवस बोलता येणार नाही, ते त्या महान व्याकरणकारानं उरलेल्यांच्या खात्यात मांडले. पण त्यानं त्यांना खातं दिलं, विभक्ती दिली, आणि शास्त्रात जागा दिली. उरलेल्याला कसं वागवावं याचा हा एक धडा आहे.

दुसरा धडा सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात, १८६३ मध्ये नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. शिलालेख, ताम्रपट, नाणी, भुसा भरलेले प्राणी, जुनी शस्त्रं, आदिवासींची अवजारं. एका इमारतीत इतक्या वेगवेगळ्या वस्तू नागपूरकरांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी त्याला ना संग्रहालय म्हटलं ना म्युझियम. त्यांनी नाव दिलं ‘अजब बंगला’. ते नाव आजही चालतं. त्या वस्तू दुसऱ्या कोणाच्या वाड्यात पडल्या असत्या तर आपणच त्यांना अटाला म्हटलं असतं. ढीग तोच, बघणाऱ्याचा डोळा बदलला की अटाल्याचा अजब होतो.

त्याच काळात या शहरात स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी राहत होते. आज त्यांच्या नावानं कॉलेज आहे. ते दगड जमवायचे, जीवाश्म जमवायचे, आणि गोंड लोकांचे शब्द आणि गाणीही टिपून ठेवायचे. १८६३ मध्येच टाकळघाटकडून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची गोंडांविषयीची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. एका माणसाच्या घरातले सुटे कागद कोणीतरी उघडून पाहिले म्हणून ती वाचली. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही असाच आयुष्यभर अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, असा घरगुती ऐवज गोळा केला. हे केळकर कविता लिहायचे, आणि त्यांचं टोपणनाव होतं ‘अज्ञातवासी’.

या ‘अज्ञात’ शब्दापाशी मला आज पोचायचं होतं.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आपल्यापासून फार लांब नाही. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर म्हाइंभटांनी तिथे एक काम हाती घेतलं. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना ते गाठायचे, विचारायचे, ऐकायचे, आठवणी टिपून घ्यायचे. १२७८ च्या सुमाराला लीळाचरित्र उभं राहिलं, मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ. म्हणजे आपल्या गद्याची सुरुवातच विखुरलेल्या आठवणी वेचण्यातून झाली. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी पडली, तर ती वेगळी आठवण ‘वासना’ म्हणून त्या त्या माणसाच्या नावानं नोंदवायची, अशी रीत त्या परंपरेत आहे. पुढे हे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद राहिलं. ते मराठी वाचकासाठी उलगडण्यात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी आपलं आयुष्य घातलं. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्या ग्रंथाचे भाग पाहा. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. काळाच्या क्रमानं, ठिकाणाच्या क्रमानं लीळा लावलेल्या. पण काही लीळा अशा, की त्या कुठे घडल्या, केव्हा घडल्या, याचा ठाव लागत नव्हता. चार डबे भरले, पाचव्यासाठी डबा नाही, अशीच ही वेळ. त्या लीळा टाकून देता आल्या असत्या. ओढूनताणून कुठल्या तरी गावाच्या नावावर मांडता आल्या असत्या. किंवा वर ‘किरकोळ लीळा’ असं लिहिता आलं असतं. संकलकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या आणि त्यांना नाव दिलं ‘अज्ञात लीळा’.

किरकोळ म्हटलं की दोष वस्तूच्या अंगाला चिकटतो. अज्ञात म्हटलं की आपण आपल्याबद्दल बोलतो : हिची जागा आहे, ती मला अजून सापडलेली नाही. पहिल्या शब्दानं डबा बंद होतो. दुसऱ्यानं तो उघडा राहतो आणि पुढे येणाऱ्या कोणाला तरी काम मिळतं. सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेनं हा फरक केला होता. जनगणनेच्या तक्त्यात, कचेरीच्या फायलीत, शाळेच्या दाखल्यावर आणि घरच्या माळ्यावर जिथे जिथे आपण ‘इतर’ लिहितो, तिथे मनातल्या मनात तरी हा जुना शब्द लिहून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

शेवटी पुन्हा त्या वर्गात जातो. फळ्यावरचे सगळे शब्द मी आज तुम्हाला सांगितले. सटरफटर, किडूकमिडूक, चिल्लर, कबाड, अडगळ, अटाला. पण कोपऱ्यातला तो शब्द मला आठवत नाही. तो गोंडी होता, हलबी होता, की फक्त त्याच्या आजीच्या तोंडचा होता, मला माहीत नाही. मी तेव्हा हसत होतो. सरांनी काढलेलं प्रश्नचिन्ह मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. सरांना तो शब्द येत नव्हता, आणि येत नाही हे त्यांनी साठ मुलांसमोर फळ्यावर लिहिलं होतं.

आज या सभागृहात त्या शाळेतले बरेच जण दिसतात. त्या वर्षी त्या बाकाच्या आसपास बसणारं कोणी असेल, किंवा तो मुलगाच आज इथे असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटा. कागद-पेन मी खिशात ठेवलं आहे.